शब्दावर दिलेले पासपोर्ट

आमच्या नाशिकरोडला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. प्रेस म्हणजे सरकारी छापखाना, जिथं पासपोर्ट तयार होतात. माझे वडील तिथं बांधणीच्या कामावर होते. आतल्या कामाबद्दल घरी ते चकार शब्द काढत नसत. आम्ही भावंडं खोदून खोदून विचारायचो, तर म्हणायचे, काम आहे, करतो. पण परदेशी जाणाऱ्या माणसाचा पासपोर्ट आमच्या बाबांच्या हाताखालून जातो, याचा मला भयंकर अभिमान होता आणि तो मी शाळेत भरपूर मिरवला. बाबा स्वतः मुंबईपलीकडे कधी गेले नव्हते, हे मात्र कुणाला सांगत नसे.

प्रेसमध्ये आत जाताना खिशातलं असेल नसेल ते गेटवर जमा करावं लागे. संध्याकाळी झडती देऊन बाहेर पडायचं आणि आपलं आपण परत घ्यायचं. बाबांचं घड्याळ, चष्म्याचं घर, कधी विहाराची वर्गणी, सगळं दिवसभर गेटवर राहायचं. त्यातली एक वस्तू कधी इकडची तिकडे झाली नाही. त्यामुळे जमा केलेली चीज अगदी सुखरूप असते, हे आमच्या घरात कुणी वेगळं शिकवायची गरजच नव्हती.

ऐंशीच्या सुमारास माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आयटीआयमधून वेल्डर झाला आणि आखातात जायला निघाला. त्याचा पासपोर्ट घरी आला तेव्हा बाबांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला, शिवण अंगठ्यानं दाबली आणि "बरा आलाय" म्हणाले. आईनं तो बुद्धमूर्तीपुढं ठेवला. आमच्या घरातला तो पहिला पासपोर्ट.

दादाबरोबर आपल्या जिल्ह्यातली बरीच मुलं होती. त्यात घोटीचा एक गवंडी होता, आईला एकुलता एक. तिथं पोचल्या दिवशी कंपनीच्या माणसानं सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. मुलं कां-कू करू लागली. घोटीच्या गवंड्यानं तर आपला पासपोर्ट बनियनला आतून खिसा शिवून त्यात ठेवला होता. आणि आमच्या शहाण्या दादानं पुढं होऊन आपला आधी दिला. वर सगळ्यांना समजावलं, की मोठ्या ठिकाणी अशीच पद्धत असते, आमच्या वडिलांच्या प्रेसमध्ये रोज गेटवर सगळं जमा करतात आणि जाताना परत मिळतं. प्रेसवाल्याचा मुलगा सांगतोय म्हटल्यावर मुलांनी मुकाट्यानं पासपोर्ट काढून दिले. घोटीच्या गवंड्यानं तेवढ्यासाठी बनियन उसवला.

पहिलं वर्ष बरं गेलं. दादानं घरी टेपरेकॉर्डर पाठवला. पत्रं लिहायचा त्याला कंटाळा, म्हणून तो कॅसेट भरून पाठवायचा आणि आम्ही सगळे भोवती बसून ऐकायचो. मग दुसऱ्या कंपनीतल्या, सुट्टीवर आलेल्या देवळ्याच्या एका माणसाबरोबर एक कॅसेट आली. कंपनी बुडाली होती. मालक परागंदा, पगार बंद, ऑफिसला कुलूप आणि सगळ्यांचे पासपोर्ट आत. दादाचा आवाज ओळखू येत नव्हता. "बाबा, मी सगळ्यांना द्यायला लावले," तो म्हणत होता. "आता पोरांच्या तोंडाकडं बघवत नाही."

बाबांनी टेप बंद केला. मीच शिकवलं त्याला, एवढंच म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस ते जेवायला नीट बसले नाहीत.

काही दिवसांनी घोटीच्या गवंड्याची आई आमच्याकडे आली. एसटीनं नाशिकच्या द्वारका चौकात उतरून, तिथून विचारत विचारत. आईनं पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. "तुमच्या पोराच्या सांगण्यावरनं माझ्या पोरानं पासपोर्ट दिला," ती म्हणाली. "आता तिकडं उपाशी हाय तो. मला माझं पोरगं पाह्यजे. बाकी काय बी बोलू नका." माझी आई कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण त्या दिवशी तिनं ऐकून घेतलं.

बाबा सारखं म्हणायचे, तिथं आपली वकिलात आहे, वकिलात बघेल. मी तेव्हा नुकतीच एका सरकारी कचेरीत कारकून लागले होते. सरकार कसं बघतं ते मला रोज दिसत होतं, त्यामुळे माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. सात समुद्रापलीकडे कोण कुणाच्या वेल्डरसाठी खुर्चीतून उठणार, असं मी बाबांच्या तोंडावर म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि प्रेसला निघून गेले.

आणि एके दिवशी घोटीचा गवंडी दारात उभा राहिला, आईला सोबत घेऊन. तो वाळला होता, पण हसत होता. सगळी हकिगत आम्हाला त्यानं सांगितली, कारण दादा ती आजतागायत सांगत नाही.

दादा रोज वकिलातीत जाऊन बसायचा. तिथला एक तरुण अधिकारी होता, दक्षिणेकडचा. मराठी त्याला येत नव्हतं, पण त्यानं या मुलांना खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं आणि प्रत्येकाची हकिगत स्वतः लिहून घेतली. तिथल्या भारतीय दुकानदारांना सांगून त्यांच्या जेवणाची सोय लावली. मग तो त्या देशाच्या मजूर कचेरीत खेटे घालत राहिला. शेवटी पोलीस घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेला, कपाट उघडून घेतलं आणि सगळे पासपोर्ट एका पिशवीत घालून वकिलातीत आणले. मुलं गोळा झाली. अधिकाऱ्यानं पिशवी दादाच्या हातात दिली.

"तुमच्या शब्दावर दिले होते ना?" तो हिंदीत म्हणाला. "मग तुम्हीच परत द्या."

दादानं एकेकाचं नाव वाचून पासपोर्ट हातात दिला. मग तिकिटांचा प्रश्न आला. वकिलात मुलांना टप्प्याटप्प्यानं पाठवणार होती आणि पहिल्याच टप्प्यात दादाचं नाव होतं. त्यानं ते खोडायला लावलं आणि तिथं घोटीच्या गवंड्याचं घालायला लावलं. आपण सगळ्यांत शेवटी जाऊ, म्हणाला. ज्यांना मराठीशिवाय काही बोलता येत नव्हतं, त्यांच्यासाठी तो तोवर वकिलातीत दुभाष्या म्हणून बसू लागला.

हे ऐकून आई भडकली. दुसऱ्याचं पोर घरी आलं आणि आपलं तिकडंच, हा कुठला शहाणपणा, असं तिनं त्या मायलेकांच्या समोरच विचारलं. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. "त्यानं शेवटीच यायला पाहिजे," ते म्हणाले, आणि ढसाढसा रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या बापाचा आणि भावाचा मला जेवढा अभिमान त्या क्षणी वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही. आणि त्या अनोळखी अधिकाऱ्याचाही वाटला, हे मी आता कबूल करते.

दादा आला तो खरोखरच सगळ्यांच्या शेवटी. आईनं त्याला जेवू घातलं आणि जाहीर केलं, की यापुढे हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. दादानं जवळच सातपूरला एका कारखान्यात नोकरी धरली.

वर्षभरानं मायलेक घोटीहून पुन्हा आले, इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन. मुलाला दुसऱ्या देशात चांगलं काम मिळत होतं, कंत्राटदाराला वेल्डरही हवा होता. गवंड्याची म्हातारी माझ्या आईच्या शेजारी चटईवर बसली.

"बाई, मी त्याला नाय म्हनले," ती म्हणाली. "मग म्हनले, तुमचं पोरगं संगं जात असंल तर धाडते. नायतर नाय."

दादा खाली मान घालून बसला होता. बाबांनी आईकडे पाहिलं. आई उठली, म्हातारीसाठी चहा ठेवला, तो उकळेपर्यंत स्टोव्हपाशीच उभी राहिली. मग तिथूनच, पाठमोरीच, दादाला म्हणाली:

"जा. पण या खेपेला पासपोर्ट कुणाला देऊ नको, आणि पोरांनाही तेच सांग. तुझं ऐकतात ती."