बापूचा हातब्रेक

बापूवर काहीतरी लिहा, असं घरातल्या मुलांनी मला दोनदा सुचवलं. तुम्ही मास्तर माणूस, वर्षश्राद्धाला वाचून दाखवू, म्हणाले. दोन्ही वेळा मी डोळ्यांचं कारण सांगितलं. डोळे ठीक आहेत. बापूवर लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती बावीस वर्षं मी कुणालाही सांगितलेली नाही.

बापू माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, सुमनचा, धाकटा भाऊ. लातूरच्या एका दाल मिलमध्ये फिटर होता. अंगानं ठेंगणा, आणि लहानपणी पोलिओनं उजवा पाय वाळलेला. कंपनीनं बनवलेली वस्तू तो जशीच्या तशी कधी वापरत नसे. "शोरूमची गाडी म्हंजे तयार कपडे, दाजी," तो म्हणायचा. "आपल्या मापाला बसत न्हाईत."

त्यानं जुनी मोटारसायकल घेतली आणि आठवड्यात ती अंगणात सुटी करून मांडली. पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून सीटचं कापड काढून आतला स्पंज चक्क विळीवर चिरला. पुढे त्या विळीवर बरेच दिवस कुणी भाजी चिरली नाही. हँडल उंच हवं होतं, तर नळाच्या पाइपात वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बुजवली आणि तो तापवून हळूहळू वाकवला. वाळूमुळे पाइप चेपत नाही, हे त्यानं मला शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावलं.

रंगाची तर कमालच होती. रंगाच्या दुकानात तो खिशातून वांगं घेऊन गेला. दुकानदारानं दाखवलेला प्रत्येक रंग त्या वांग्याशी लावून बघितला. "देठाजवळचा न्हाई, पोटावरचा पायजे," असं बजावून सांगितलं. धूळ बसू नये म्हणून अंगणात पाणी मारलं, सुमनच्या जुन्या साडीचा आडोसा केला आणि आत बसून दिवसभर टाकी रंगवली. संध्याकाळी साडी बाजूला झाली तेव्हा गल्लीतली माणसं बघायला उभी होती. सुमन म्हणाली, नवरीसारखी दिसतेय. बापू लाजला.

पण त्याचं खरं काम होतं ब्रेकचं. मागचा ब्रेक उजव्या पायाचा, आणि त्याच्या उजव्या पायात दाबायला जोर नव्हता. त्यानं ते पेडलच काढून टाकलं. मिलमधून आणलेल्या पट्टीची लहानशी जोडणी केली आणि पुढच्या-मागच्या दोन्ही ब्रेकच्या तारा उजव्या हातातल्या एका दांडीला आणून बांधल्या. दांडी दाबली की दोन्ही चाकं एकदम धरायची. त्या गाडीवर तो पहिल्यांदा एकटा मिलला गेला, तेव्हा सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

माझी गोष्ट उलटी. पुढचा ब्रेक दाबला की माणूस पालथा पडतो, असं मला तरुणपणी कुणीतरी सांगितलं आणि मी आयुष्यभर ते धरून बसलो. फक्त पायानंच गाडी थांबवायची. मुलांनाही तेच शिकवलं. बापू चिडवायचा, "दाजी, तुमचा फुडला ब्रेक अजून नवाकोरा हाय. कंपनीला वापस देऊन टाका."

औशाला एका नात्यातला साखरपुडा होता. माझी गाडी दुरुस्तीला होती, म्हणून बापूची मागितली. किल्ली देताना त्यानं दोनदा सांगितलं की पायात काही नाही, सगळं उजव्या हातात आहे, घरासमोर दोन चकरा मारून बघा. मी म्हणालो, तू चड्डीत होतास तेव्हापासून मी गाडी चालवतोय, मला शिकवू नकोस. सुमन हसत मागे बसली. मी चकरा मारल्या नाहीत.

सात-आठ किलोमीटरवर शेतातून उसाची ट्रॉली रस्त्यावर आली. मी पाय दाबला. पायाखाली काहीच नव्हतं. पुन्हा दाबला. हातांनी हँडल घट्ट आवळलं, पण दांडीकडे एक बोटसुद्धा गेलं नाही. ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आदळून आम्ही पडलो. माझं कोपर खरचटलं. सुमनच्या मांडीचं हाड मोडलं.

लोक धावत आले. काय झालं मास्तर, म्हणाले. मी म्हणालो, ब्रेकच लागला नाही. त्या क्षणी मला खरंच तसं वाटलं असेल. संध्याकाळी दवाखान्यात बाकावर बसलो तेव्हा मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

तेवढ्यात खिडकीतून बापू येताना दिसला. अपघाताच्या जागेवरून तो तीच गाडी चालवत आला होता. पुढचं मडगार्ड वाकलेलं, पण भर रहदारीतून आठ किलोमीटर येऊन त्यानं ती फाटकाशी हळूच, नीट थांबवली. म्हणजे त्यालाही कळलं होतं.

सुमनच्या खाटेभोवती सासरे होते, बापूचा थोरला भाऊ होता. बापूनं मला हळू आवाजात विचारलं, "दाजी, खरंच लागला न्हाई का?"

"नाही लागला," मी म्हणालो.

त्यानं हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "मंग माझंच कायतरी चुकलं."

सुमन वेदनेनं कळवळत होती. "तुझ्या हौसेनं माझा पाय घेतला, बापू," ती म्हणाली. त्यानं तिच्या अंगावरची घसरलेली चादर वर ओढली आणि बाहेर गेला.

महिनाभरात कंपनीचं पेडल जुन्या जागी बसलं. ते त्याला दाबता येत नव्हतं, म्हणून गाडी विकली गेली. तो रिक्षानं मिलला जाऊ लागला. एकदा मी त्याच्या घरी बसलो असताना हदगावकडची दोन माणसं आली. दोघांचेही पाय बापूसारखेच. त्यांनी ती गाडी कधीतरी पाहिली होती, आमच्याही गाड्यांना तसा ब्रेक करून द्या म्हणत होते. बापूनं त्यांना चहा दिला. म्हणाला, "माझ्या हातचा ब्रेक लागत न्हाई. दुसरीकडं बघा." बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी माझा चहा संपवला.

सुमनचा पाय आखूड राहिला. भावाला ती पुन्हा कधी तोडून बोलली नाही, पण राखी पोस्टानं पाठवू लागली. पुढे बापू देगलूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये नोकरीला गेला. घरात कुणी कशात खटपट करायला लागलं की थोरली माणसं म्हणायची, बापू होऊ नकोस. मी ते ऐकत राहिलो.

गेल्या वर्षी तो नांदेडला दवाखान्यात होता, लिव्हर गेलं होतं. मी एकटाच एसटीनं गेलो. लातूरपासून एकच बोलणं घोकत होतो. त्यानं आधी विचारलं, अक्का नाही आली का. मी म्हणालो, तिला बसची पायरी चढवत नाही. त्यानं मान हलवली. मग मी रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोललो, शाळेतल्या जुन्या गोष्टी काढल्या. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "दाजी, काई बोलायचं हाय का?"

"नाही रे, सहज आलो."

"बोला की. आयकून राहिलो ना मी."

मी पिशवीतलं संत्रं काढून सोलायला घेतलं. त्यानं दोन फोडी खाल्ल्या. भेटीची वेळ संपली. नवव्या दिवशी बापू गेला.

हा कागद आज दुपारी मी सुमनला वाचून दाखवणार आहे. मग वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर. जे बापूला ऐकवायला नांदेडपर्यंत गेलो होतो, ते असं होतं: बापू, तुझा ब्रेक चांगला होता. मी तो दाबलाच नाही. तुला ते कळलं होतं, तरी चारचौघांत तू माझी लाज राखलीस, आणि मी तुझं नाव जाऊ दिलं. अक्काला मीच सांगतो. मला माफ कर.