तानूबाईनं न सांगितलेलं पिल्लू

पेठजवळच्या माळावर मेंढरांचा तळ असायचा, तेव्हा लांडगा कुठल्या ओढ्यातून वर येतोय हे तानूबाईला कुत्र्यांआधी कळायचं. लांडग्यांचा अभ्यास करायला आलेल्या तेजस्विनी मॅडमनी ती नजर तेव्हाच हेरली होती. पुढं मॅडम देवमाशांकडे वळल्या. पर्यटकांना बोटीतून आठ दिवस कोकणच्या किनाऱ्यानं फिरवायचं, सोबत दोन-तीन तज्ज्ञ आणि लांबचं बघणारं एक माणूस. यंदा ते माणूस म्हणून त्यांनी तानूबाईला नेलं. सफर नीट पार पडली तर काम कायमचं, असं ठरलं होतं. मेंढरं विकल्यापासून ती मंचरजवळच्या एका पोल्ट्रीत कोंबड्यांची घाण उपसत होती. त्यातून सुटायची दुसरी वाट तिला दिसत नव्हती.

सात दिवस डॉल्फिन दिसले, कासवं दिसली, देवमासा काही दिसला नाही. शेवटच्या दिवशी माणसं वैतागली. एका पर्यटकानं विचारलं, "मावशी, तुमचा मासा गावाला गेला का?"

"त्यालाबी तुमचं त्वांड बघायचं नसंल," ती म्हणाली. सगळे हसले, तो सोडून.

दुपारी लांबवर पाण्याचा फवारा उडाला. मग काळी पाठ दिसली आणि तिला चिकटून दुसरी, अगदी लहान. तानूबाईनं हात वर केला. बोट वळली, दुर्बिणी लागल्या, पण तेवढ्यात लहानगं आईच्या पलीकडच्या अंगाला गेलं होतं.

मॅडमनी विचारलं, किती आहेत.

"एक," तानूबाई म्हणाली.

तिच्या घरात नुकत्याच जन्मलेल्या कोकराचं नाव परक्यापुढं काढत नसत. तळावर पाहुणं आलं की बाया कोकरू पदराखाली घेत आणि मेंढी अजून व्यायची आहे म्हणून सांगत. नजर लागते. इथं तर तीस माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. तिनं विचार केलाच नाही, शब्द सवयीनं गेला. बोट थोडा वेळ रेंगाळली आणि बंदराकडे फिरली.

संध्याकाळी जेट्टीवर त्याच पर्यटकाच्या मोबाइलमधल्या व्हिडिओत ते पिल्लू सापडलं. अशा माय-लेकरासाठी मॅडम तीन वर्षं समुद्र धुंडाळत होत्या.

"तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं व्हतं." दुसऱ्यांदा खोटं तिला बोलवेना. "नवं व्हतं, मॅडम. आमी नव्या पिल्लाचं सांगत न्हाई."

मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "तानूबाई, आठ दिवस तुम्ही सांगितलं ते मी वहीत लिहीत गेले. आता त्यातलं खरं किती धरू?"

पुढच्या सफरीला दुसरं माणूस येणार होतं. मॅडमनी तिला स्वतः एसटीत बसवून दिलं, वाटेत खायला बिस्किटांचे पुडेही दिले. गाडी सुटल्यावर तिनं नवऱ्याला, जालिंदरला फोन लावला. पोल्ट्रीवर सांगून ठेवा, परवापासून येते, म्हणाली.



"आपली सुप्री कालच मालकाला सांगून आली," जालिंदर म्हणाला. "म्हणली, माझी आई आता कोंबड्यांत यायची न्हाई. त्यानं लगेच दुसरी बाई ठेवली."