अर्धा ऐकलेला निरोप

शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, कोल्हापुरातली, आमच्या मंगळवार पेठेतली. अख्ख्या गल्लीत फोन एकच, आमचा. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या पाहुण्यांना तोच नंबर देऊन ठेवलेला.

निरोप घ्यायचा आणि घरोघर पोचवायचा, हे काम माझ्याकडं. मी तेव्हा बावीस वर्षांचा. "पोरगं लई हुशार, अर्ध्यातच समजतंय त्याला" असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते फार आवडायचं... समोरच्याचं वाक्य मीच पुरं करायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तसला मी!

त्या दिवशी फोन आला तो मलकापुराहून. आमच्या शेजारच्या शांताक्कांचा भाचा, सुरेश. "आत्याला निरोप द्या. आण्णांचं जास्त झालंय, लगेच निघून ये म्हणावं..." आण्णा म्हणजे त्याचे वडील, शांताक्कांचे थोरले भाऊ.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. माणूस गेला हे फोनवर कुणी सरळ सांगत नाही. "जास्त झालंय, निघून या" म्हटलं की ऐकणाऱ्यानं काय ते समजायचं. मी समजलो. बापाबद्दल ते शब्द त्या पोराला बोलायला लावू नयेत, असं मनात आलं. "कळलं, कळलं. सांगतो मी. धीर धर" म्हणालो. तो पुढं काहीतरी बोलत होता... मी फोन ठेवला.

आईला सांगितलं. आईनं शेजारणींना सांगितलं. मी आक्कांच्या दारात गेलो तेव्हा माझ्यामागं चार बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मी शब्द सुरेशचेच वापरले, एकही इकडचा तिकडं केला नाही. पण आमची तोंडं बघून आक्का जे समजायचं ते समजल्या आणि उंबऱ्यातच खाली बसल्या.

मैताला एकटं कुणी जात नाही. म्हणून मी मोठ्या उत्साहानं एम-८० गाडी काढली आणि आक्कांच्या लेकीला आणायला गडमुडशिंगीला गेलो. ती रानात गेलेली. तिला शोधून, घरी निरोप ठेवून आणेपर्यंत दीड वाजला. मग वडापची, माणशी भाडं घेणारी जीप बघितली, तीही माणसं भरल्याशिवाय हलेना. घाई अशी कुणालाच नव्हती... गेलेल्या माणसाला कसली घाई, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मलकापुरात पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. दारात तिरडीची काहीच तयारी नाही. आतून रडण्याचा आवाज मात्र ताजा. सुरेश बाहेर आला आणि आक्कांच्या गळ्यात पडला. "आत्या, आत्ताच गेलं गं... अर्धा तास झाला. सकाळपासनं तुझीच वाट बघत हुतं."

मी जीपपाशीच उभा राहिलो.

थोड्या वेळानं तो माझ्याजवळ आला. भांडायला नाही. नुसताच म्हणाला, "तुम्ही ऐकूनच घेतलं न्हाईसा की वो. शुद्धीवर हाईत, आत्याला बघायचं म्हणत्यात, एवढंच सांगायचं हुतं मला." मान वर करायची सोय नव्हती.

आक्का तेराव्यानंतर परत आल्या. मी त्यांना चुकवायला लागलो. त्यांचा निरोप आला तर धाकट्या बहिणीला पाठवायचो. त्यांना काहीच माहीत नाही, असं मी समजत होतो. ते समजणंही माझ्या मनानंच. बहीण-भावाची शेवटची भेट आपल्यामुळं हुकली, हे कुणाला कसं सांगायचं? जेवण गोड लागेना. शेवटी महिन्याभरानं एका दुपारी गेलोच.

आक्का तांदूळ निवडत होत्या. मी बोलायला लागलो आणि सगळं अडकायला लागलं. मला वाटलं होतं, आक्का मध्येच "असू दे रे" म्हणतील आणि मी सुटेन. पण त्यांनी सूप बाजूला ठेवलं, माझ्याकडं बघत बसल्या. मी गप्प झालो तरी थांबल्या. "मी फोन लवकर ठेवला आक्का, पुढचं ऐकलंच नाही..." हे शेवटचं वाक्य बाहेर पडेपर्यंत त्यांनी माझा एकही शब्द पुरा केला नाही.

मग म्हणाल्या, "झालं सांगून?"

मी मान हलवली.

"सुरेशनं मला त्याच दिवशी सांगितलं हुतं. पण तुझं तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं मला." एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मीही रडलो, लाज न बाळगता.

माफ केलं, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण संध्याकाळी आमच्या घरी आल्या, बहिणीला बाजूला सारलं आणि मलाच म्हणाल्या, "मलकापूरला फोन लाव. वहिनी जेवती का न्हाय, इचार."

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोन प्रत्येकाच्या खिशात आला. तरी फोन ठेवण्याआधी मी विचारतोच... "अजून काही सांगायचं राहिलंय का?" पोरं हसतात मला. बहुतेक वेळा समोरचा "नाही" म्हणतो. पण कधीकधी तो ज्यासाठी फोन केलेला असतो, ते मग कुठं सांगायला लागतो.