उडून गेलेला पारा

काकांना पारा उडतो हे मान्य आहे, पण तो उडून कुठंतरी पडतो हे मान्य नाही. भांडण एवढंच आहे, आणि गेले दोन महिने मी ते हरतेय.

नीट सांगते. काका चाकणला कंपनीत शिफ्ट करतात, पण आमचा मूळचा धंदा झारेकऱ्याचा. म्हणजे सोनाराच्या दुकानातला केर विकत आणायचा, घमेल्यात धुवायचा, त्यात पारा घालून हाताने मळायचा. पारा सोन्याचे बारीक कण धरतो. मग ते फडक्यातून पिळायचं आणि उरलेली गोळी पळीत तापवायची. पारा वाफ होऊन जातो, सोनं राहतं. आजोबा हेच करायचे. काका सुट्टीला निगडीच्या सोनारांचा केर आणून आमच्या गच्चीवर करायचे, पाण्याच्या टाकीशेजारी. हो, टाकीशेजारी.

मी तळवड्याला पाणी तपासायच्या लॅबमध्ये आहे, तरी खरं सांगते, इतकी वर्षं मीही गप्पच होते. मग काकांची मुलगी, माझी ताई, बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. आणि हवा खायला गच्चीवर खुर्ची टाकून बसायला लागली. माझं डोकंच फिरलं. ही वाफ पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत जाते, हे मी काकांना मोबाईलवर दाखवलं, कागदावर चित्रं काढून सांगितलं. पारा महादेवाचा, त्यानं कुणाचं वाईट होत नसतं म्हणे. वर काकूला म्हणाले, "हिला लॅबमध्ये लोकांना घाबरवायचा पगार देतात वाटतं."

शेवटी ताईच बोलली, बाबा इथं नको. तिचं लगेच ऐकलं. पुढच्या रविवारी घमेलं, शेगडी, पळी, सगळं स्कूटरवर बांधून इंद्रायणीच्या काठी. मी इतकी खूश, की मैत्रिणींना मेसेज टाकला, जिंकले म्हणून. धुतलेला गाळ, सांडलेला पारा आता थेट नदीत चाललाय हे डोक्यातच आलं नाही. आणि म्हणे मी लॅबवाली.

परवाच्या रविवारी दुपारी घरी पोचले तर ताटं वाढलेली. काकांनी नदीवरून ताजे चिलापी मासे आणलेले, ताईला आवडतात म्हणून, आणि काकूने कालवण केलेलं. मी ताईचा हातच धरला. पारा गाळात बसतो, गाळातल्या किड्यांत जातो, किडे मासा खातो, मासा आपण खातो, असं सगळं एका दमात बोलून टाकलं.

काका चिडले. "नदीवर कारखान्यांचा फेस तरंगतो तो दिसत नाही तुला, माझा चमचाभर पारा दिसतो. गच्ची सोडली. आता नदी पण सोडू? मग करू कुठं?"

फेसाचं त्यांचं खरंच होतं, म्हणून तर जास्त वैताग आला. कुठंच करू नका, एवढंच म्हणाले मी.

ताई मधेच म्हणाली, "मी खाऊ का नको, तेवढं सांग."

"नको."

तिने ताट सरकवलं. काकांनी ते आपल्याकडे ओढलं आणि काटे काढत काढत सगळे तुकडे आमच्यासमोर संपवले. मग हात धुऊन माझ्यापुढे उभे राहिले. "बघ. झालं का मला काही?"

एका जेवणात काही दिसत नसतं, हे मी कितीदा सांगू? ताई वरणभात जेवली. काका पुढच्या रविवारचा केर आणायला निगडीला गेले.