सावलीमागची रांग

जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोठा कडुलिंब होता. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा तो दुपार कलल्यावर, पण बायका सकाळीच घागरी रांगेत लावून ठेवायच्या आणि त्याही लिंबाच्या सावलीत. सावली सरकली की अख्खी रांग तिच्यामागं सरकवायची, हे काम आम्हा पोरींचं. उन्हात तापलेली पितळी घागर एकदा धरून बघा, म्हणजे कळेल. सावली आमच्या पायरीला टेकली की टँकर आलाच म्हणून समजायचं.

पुढं रस्ता रुंद करायला लिंब पाडला. आता त्याच रस्त्यावर सावली कशी आणायची, हे ठरवायचं काम माझ्याकडं आलंय! राग येतो, पण काम सोडवत नाही.

त्या रस्त्याचं डिजिटल ट्विन, म्हणजे कॉम्प्युटरमधलं हुबेहूब जुळं, आम्ही तयार केलंय. त्यात झाड लावायचं, सूर्य फिरवायचा आणि कुठं किती सावली पडते ते खरा खड्डा खणायच्या आधीच बघायचं.

परवा आई शेजारी येऊन बसली. मी जुन्या जागी लिंब लावला, वैशाखातली दुपार धरली आणि सूर्य सोडला. सावली हळूहळू आमच्या दाराकडं निघाली. आई चष्मा सावरत बघत होती. सावली पायरीला टेकली तशी ती एकदम म्हणाली, "ऊठ जल्दी, टँकर येऊन राह्यला!"

मी उठलेसुद्धा.