'स्वभाव' रकान्यात लिहिलेला एक शब्द

मंडळी, आज सकाळी नातीच्या शाळेत जाऊन भांडून आलो. प्रगतिपुस्तकात बाईंनी 'स्वभाव' पुढे लिहिलं होतं, "घाबरट, सतत टेन्शनमध्ये."

असंच मी एकदा लिहिलं होतं. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. सिल्वासात एका सुताच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. माझ्या शिफ्टला खानदेशातला भिका होता. मशीनवर धागा तुटला की गाठ मारायची, हे त्याचं काम. त्याचे हात थरथरायचे. गाठ मारून पुढे जायचा आणि परत येऊन ओढून बघायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो.

त्याला पर्मनंट करायचा फॉर्म माझ्याकडे आला. 'स्वभाव' या रकान्यात मी लिहिलं, "नर्व्हस." मॅनेजरने तेवढंच वाचलं आणि भिकाला काढलं.

जाताना तो मला म्हणाला, "साहेब, मना हात थरथरतस. पन मनी गाठ कधी सुटनी का?"

मी पुढच्या मशीनकडे वळलो.

आज बाईंना म्हटलं, "हे खोडा."

"मग काय लिहू, काका?"

"ती काय करते ते लिहा. उत्तर मनात दोनदा तपासते आणि मगच हात वर करते."

त्यांनी खोडेपर्यंत मी खुर्चीतून उठलो नाही.

तुम्ही कुणाच्या कागदावर असा शब्द लिहिलाय का? अजून हाताशी असेल तर जाऊन खोडा. माझा तो फॉर्म आता सापडायचा नाही, म्हणून इथे लिहितो. भिकाची गाठ एकदाही सुटली नव्हती.