झाकलेली टोपली

खालच्या मजल्यावरची इस्त्रीवाली मला काकू म्हणते. तिच्याविषयी लिहायचं कालपासून टाळत होते.

पोर पोटात असतानाच तिचा नवरा गेला. ती लाँड्रीत दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करते. बाळंतपणानंतर मालकाने मुभा दिली, "पोरं आणा, पण रडारड नको." तिच्यासह तिघींनी आणली. देवानेच त्याला ही बुद्धी दिली, असं मी तेव्हा म्हटलं होतं.

ती हसत सांगायची, "काकू, आमचे साहेब चादरींच्या टोपलीत झोपतात. मालकाची नाही एवढी ऐट!"

लाँड्रीत एक रीत आहे. भरलेल्या टोपलीवर पांढरं फडकं टाकलं की माल तयार. गाडीवाला विचारत नाही, टोपली ढकलत नेतो नि गाडीत चढवतो. हे तिला पाठच होतं. पण पंधरवड्यापूर्वी एके दिवशी सुताचा भुगा फार उडत होता, बाळ शिंकत होतं. हाताला आलं ते फडकं तिने टोपलीवर पसरलं आणि इस्त्रीकडे वळली.

चार चादरी झाल्यावर मागे पाहिलं, तर टोपली नाही. गाडीही नाही.

तिच्या टोपलीवर गाडीत दुसरी टोपली चढवली होती. दवाखान्यात उतरवताना पोर सापडलं, काळंनिळं पडलेलं. डॉक्टरांनी जीव ओढून आणला. पुढचं मात्र आताच सांगता येणार नाही म्हणाले.

मालकाने मुभा काढून घेतली. बाकीच्या दोघी तिला फाटकातच म्हणाल्या, "तुझ्या एका फडक्यापायी आमची पोरं घरात कोंडली!"

काल दवाखान्यातून सोडलेल्या बाळाला घेऊन आज सकाळी माझ्या दारात उभी. "ठेवाल काकू?"

"हे काय विचारणं झालं? दे इकडे."

जिन्यावरून परत फिरली. "याच्यावर काही पांघरू नका हं."

"थंडी आहे गं."

"असू दे. नका पांघरू."

संध्याकाळी वारा सुटला. शाल घेतली, पुन्हा ठेवून दिली, त्याला छातीशी धरून बसले. भूक लागली तरी रडला नाही, ओला झाला तरी नाही. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाहीत.

ती आली. तिने पहिलं विचारलं, "रडला का हो?"

मी नकारार्थी मान हलवली. ती तशीच उंबऱ्यावर बसली.

जपाची माळ हातात आहे, नाम काही ओठावर येत नाही. देवा, त्याला एकदा रडव रे.